ट्रॅक, मास्क की पेसर? मानेच्या इजेनंतर श्वासासाठी काय निवडायचं

मानेचा मणका मोडून मज्जारज्जूला मार बसला की पहिल्या आठवड्यातच कधीतरी घरच्यांपुढे कागद येतो, गळ्याला भोक पाडून नळी (ट्रॅकिओस्टॉमी, थोडक्यात ट्रॅक) टाकायचीये, सही करा. सही करून टाका, त्यात फार घोळ घालू नका, कारण तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही आणि त्या दिवसांत जीव वाचवणं एवढाच मुद्दा असतो. पण ती सही म्हणजे जन्मभराचा निर्णय नव्हे, आणि ही गोष्ट कित्येक घरांना वर्ष वर्ष कळतच नाही. खरा निर्णय नंतरचा, पेशंट स्थिर झाला, डॉक्टर डिस्चार्जचं बोलायला लागले की तेव्हाचा. घरी जाताना श्वास कशावर घेणार, गळ्यातल्या नळीतून व्हेंटिलेटरवर, की नळी काढून मास्क-माउथपीसवर, की श्वासाच्या पडद्याला म्हणजे डायफ्रामला करंट देणाऱ्या पेसरवर?

मी श्वासाची फिजिओथेरपी करते, त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तो वजा करू शकाल. माझ्या मते मशीन कुठलं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की कफ बाहेर कसा काढणार. हवा आत ढकलायला आज ढीगभर मशीनं मिळतात. माणसं जातात ती बहुतेक न्यूमोनियाने.

आधी लेव्हल बघा, म्हणजे इजा मानेत कितव्या पातळीला आहे (सी म्हणजे मान, आकडा वरून खाली वाढत जातो), कारण त्यावरच अर्धं उत्तर ठरतं. छाती आणि पोटाच्या मधला पडदा म्हणजे डायफ्राम, त्याला चालवणारी फ्रेनिक नस मानेतल्या सी-३, सी-४ आणि सी-५ या तीन पातळ्यांवरून निघते. इजा सी-१ किंवा सी-२ ला आणि पूर्ण असेल तर मेंदूचा हुकूम डायफ्रामपर्यंत पोचतच नाही, व्हेंटिलेटर लागतोच. सी-३ वाल्यांपैकी बहुतेकांना लागतो, पण काही जण कित्येक महिन्यांनी का होईना दिवसातले काही तास सुटतात. सी-४ ला सुरुवातीला बऱ्याच जणांना लागतो आणि नंतर त्यातले पुष्कळ जण पूर्ण सुटतात. सी-५ च्या खाली श्वास स्वतःचा चालतो, पण खोकता येत नाही, कारण जोरात खोकायला पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू लागतात आणि त्यांच्या नसा छातीच्या मणक्यांपाशी म्हणजे इजेच्या खाली आहेत. रिपोर्टवर एआयएस (इजा किती पूर्ण आहे त्याची श्रेणी) ए लिहिलंय की बी, सी, डी हेही विचारून घ्या. ए म्हणजे पूर्ण, आणि बाकीच्यांत काहीतरी वाट शिल्लक आहे, ती पुढे किती उघडेल ते हळूहळूच कळतं.

एक गोष्ट घरच्यांना फार बुचकळ्यात टाकते. दहीहंडीच्या थरावरून पडलेला किंवा उथळ पाण्यात सूर मारलेला मुलगा पहिल्या दिवशी नीट बोलत असतो, "मी बरा आहे" म्हणतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं, मग सगळ्यांना वाटतं हॉस्पिटलने काहीतरी बिघडवलं. बहुतेक वेळा तसं नसतं. मज्जारज्जूची सूज वर चढते, एकटा डायफ्राम सगळं काम करून थकतो, कफ साचत जातो आणि फुफ्फुसाचा खालचा भाग बसतो. त्याच आठवड्यांत सक्शन म्हणजे बारीक नळीने कफ ओढून काढताना नाडी एकदम खाली जाऊ शकते, तिकडेही स्टाफचं लक्ष असतं. मग सूज उतरते, सैल पडलेली छाती थोडी कडक होते आणि पुढचे काही महिने श्वासाचं माप हळूहळू वाढत जातं. म्हणून पहिल्या महिन्यात "आता कायमचा व्हेंटिलेटर" असं कुणी ठामपणे म्हटलं तर सी-१, सी-२ सोडून बाकीच्यांनी लगेच ते धरून बसू नये.

आणि अजून एक, हे उलटं वाटेल. आपल्याला दम लागला की आपण उठून बसतो, पण मानेची इजा झालेल्या माणसाला पाठीवर सपाट झोपल्यावर श्वास जास्त चांगला येतो, कारण झोपल्यावर पोट डायफ्रामला वर ढकलतं आणि त्याला हालायला जागा मिळते. बसवलं की सैल पोट पुढे लोंबतं, डायफ्राम आधीच खाली उतरलेला असतो, काम करणार कुठून. म्हणून बसवताना पोटाला पट्टा बांधायचा आणि व्हेंटिलेटर सोडवायची प्रॅक्टिस झोपवूनच सुरू करायची. बेडचं डोकं वर करून सोडवायला बघितलं, जमलं नाही आणि "फेल" असा शिक्का बसला, असे पेशंट असतात. तुमच्या पेशंटची ट्रायल कुठल्या पोझिशनमधे झाली होती ते जरूर विचारा, आणि रोज पाच-दहा मिनिटं मशीन काढून पुन्हा लावायचं, वेळ हळूहळू वाढवायचा, या पद्धतीने प्रयत्न झाला होता का तेही.

किती जगतात, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही पण मनात असतोच. अमेरिकेत या पेशंट्सची नोंद वर्षानुवर्षं ठेवतात, त्यात विसाव्या वर्षी इजा झालेला आणि व्हेंटिलेटरवर असलेला माणूस पहिलं वर्ष पार पडलं तर पुढे सरासरी २५ वर्षांच्या आसपास जगतो, इजा नसलेल्या विशीतल्या माणसाला तिथे आणखी साठेक वर्षं धरतात. वय वाढलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो, साठीत इजा झाली तर तो फारच लहान होतो. हे आकडे तिथले आहेत, तिथल्या नर्सिंगचे आहेत, आपल्याकडे घरी काय होतं ते मुख्यतः घरावर ठरतं. पण त्यातलं एक इथेही तंतोतंत लागू पडतं, सगळ्यात धोक्याचं पहिलं वर्ष, आणि त्यात सगळ्यात वर श्वासाचेच आजार.

आता तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

बोलणं, खाणं, वास

ट्रॅकवर आवाज जातो ही लोकांची पहिली भीती. नळीभोवती आतून एक छोटा फुगा असतो, तो फुगवलेला असेल तर आवाज जातोच, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत वर येतच नाही. पण पेशंट स्थिर झाल्यावर फुगा थोडा किंवा पूर्ण सोडून, मशीन दर श्वासाला देतं ती हवा वाढवून बऱ्याच जणांना बोलता येतं. नळीला लावायचा एकतर्फी व्हॉल्व्हही मिळतो, तो हवा आत घेतो पण नळीतून बाहेर सोडत नाही, अमेरिकेतल्या डेव्हिड मुइर नावाच्या तरुणाने १९८० च्या दशकात बनवला, तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता. हा व्हॉल्व्ह फुगा फुगलेला असताना कधीही, कधीही लावायचा नाही, हवा आत जाते आणि बाहेर यायला रस्ताच उरत नाही, माणूस मिनिटांत जाऊ शकतो. घरातल्या प्रत्येकाला, रात्रीच्या मावशींनासुद्धा हे पाठ पाहिजे.

मास्क-माउथपीसवाल्याच्या गळ्याचं भोक बंद झालेलं असतं, म्हणून आवाज स्वतःचा, वास येतो, चव लागते. दिवसा खुर्चीला बसवलेली एक वाकडी नळी ओठांजवळ असते, हवी तेव्हा ओठात धरून श्वास घ्यायचा, मग सोडून बोलायचं, आणि रात्री नाकाचा किंवा तोंडाचा मास्क. पेसरमधे श्वास डायफ्राम स्वतः ओढतो म्हणून आवाज आणि वास दोन्ही बऱ्यापैकी परत येतात. सुपरमॅनचं काम केलेला ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ च्या मेमधे घोड्यावरून पडला, सी-१ सी-२ ची इजा, २००३ मधे क्लीव्हलंडला त्याच्या डायफ्राममधे इलेक्ट्रोड बसवले आणि इतक्या वर्षांनी त्याला वास घेता आला. तो २००४ च्या ऑक्टोबरमधे गेला, आणि तोही श्वासाच्या मशीनमुळे नव्हे, त्या दिवसांत त्याला बेडसोअरचं इन्फेक्शन झालेलं होतं.

गिळण्याचं मात्र तिन्हीत आधी तपासून घ्या. मानेचं ऑपरेशन पुढच्या बाजूने झालं असेल तर गिळणं काही आठवडे बिघडू शकतं आणि मग अन्न फुफ्फुसात जातं, नळी असो वा नसो.

कफ

इथे मी थांबणार आहे जरा.

ट्रॅकचा मोठा फायदा असा समजला जातो की सक्शन करता येतं. खरंय, रस्ता थेट आहे, रात्री दोन वाजता कफ दाटला तर कॅथेटर घालून काढता येतो, दिलासा मिळतो. पण कॅथेटर बहुतेक वेळा उजव्या फुफ्फुसाच्या नळीत शिरतं, कारण ती सरळ आहे, डावीकडची वळणाची. म्हणून डावं फुफ्फुस खालून भरत जातं, आणि एक्स-रेवर डाव्या बाजूचाच खालचा भाग पांढरा दिसतो, हे इतक्यांदा दिसतं की मी आधी तिथेच बघते. वर नळी स्वतःच कफ वाढवते. नाक हवा गरम आणि ओली करतं, ते बायपास झालं, म्हणून कफ घट्ट होतो, नळीत जंतू ठाण मांडतात, आणि सारखं सक्शन केलं की आतलं अस्तर सोलवटून अजून कफ येतो.

मास्कवाल्यांकडे हा थेट रस्ता नाही, म्हणून त्यांनी खोकला तयार करायला शिकलंच पाहिजे. अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने, एकावर एक श्वास भरून घ्यायचे, गळ्यात धरून ठेवायचे, मग फिजिओने किंवा घरच्याने पोटावर बरगड्यांच्या खाली झटक्यात दाब द्यायचा आणि पेशंटने त्याच क्षणी खोकायचं. किंवा कफ असिस्ट मशीन, ते साधारण उणे ४० ते अधिक ४० दाबाने हवा भरतं आणि लगेच खेचून घेतं, दोन्ही फुफ्फुसांतून. हे मशीन ट्रॅकलाही लावता येतं, नुसता अडॅप्टर बदलायचा, आणि माझं सरळ मत आहे की बजेटमधे एकच जास्तीचं मशीन बसत असेल तर ते हेच घ्या, व्हेंटिलेटर थोडा साधा घेतला तरी चालेल.

खोकला किती हे मोजताही येतं. दम्याच्या पेशंटना देतात तो साधा पीक फ्लो मीटर, त्याला मास्क लावून जोरात खोकायला सांगायचं. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आलं तर सर्दी झाली की हा माणूस अडकणार असं धरून चालायचं. आणि दाब देऊन, हवा भरून केलेला खोकला १६० च्या वर जात असेल तर नळी काढायचा विचार करता येतो, हा आकडा अमेरिकेतल्या डॉक्टर जॉन बाख यांच्या कामातून आलेला आहे, त्यांनी चोवीस तास व्हेंटिलेटर लागणाऱ्या पेशंटच्याही नळ्या काढून त्यांना मास्क-माउथपीसवर आणलं. स्वतःचा श्वास शून्य असणं हे नळी ठेवायचं कारण होत नाही, खोकला न निघणं आणि घसा नीट न चालणं हे होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं गृहीत धरतात, व्हेंटिलेटर लागतो म्हणजे नळी राहणारच.

पेसर कफाचं काही करत नाही. डायफ्राम ओढण्याचं काम करतो, ढकलायला काही नाही. म्हणजे पेसर बसवून सुद्धा कफ असिस्ट किंवा हाताचा दाब लागतोच, आणि हे विकणारे ठळकपणे सांगत नाहीत.

मशीन बंद पडलं तर

हा प्रश्न आपल्याकडे वीज जाते म्हणून जास्त मोठा. विचारायचं असं की मशीन काढल्यावर पेशंट स्वतः किती मिनिटं तग धरतो. शून्य, दहा मिनिटं आणि चार तास, ही तीन वेगळी घरं आहेत.

ट्रॅकवाल्याचं मशीन थांबलं तर अंबू बॅग थेट नळीला लावता येते, अनोळखी माणसालाही दोन मिनिटांत शिकवता येतं, हा ट्रॅकचा मला पटणारा सगळ्यात मोठा फायदा. नळीच निघून आली तर मात्र गोंधळ, म्हणून उशाशी त्याच साइजची एक आणि एक साइज लहान अशा दोन नळ्या कायम पाहिजेत, आणि घरातल्या निदान दोघांनी ती बदलताना स्वतः हाताने केलेली पाहिजे. मास्क सरकला तर अलार्म वाजेपर्यंत आणि कोणी उठेपर्यंत वेळ जातो, हात हलत नसतील तर तो स्वतः लावू शकत नाही. पण मास्कवाल्यांना बेडकासारखे घोट घोट हवा गिळून श्वास घ्यायला शिकवता येतं, पोलिओच्या काळात पेशंटनीच शोधलेली युक्ती, काहींना त्यावर तासन्‌तास राहता येतं. उघड्या नळीवर हे जमत नाही, हवा गळ्यातूनच निघून जाते.

पेसरवाल्याला बॅकअप म्हणून व्हेंटिलेटर ठेवावाच लागतो. तो काढून टाकता येईल या आशेने जर पेसर घेत असाल तर थांबा.

मशीन घेताना साधा बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणारं मशीन) आणि घरचा लाइफ सपोर्ट व्हेंटिलेटर यात फरक आहे, दुकानदार एकच म्हणून दाखवेल. ज्याला नुसता रात्री आधार लागतो, आणि या पेशंटमधे झोपेत श्वास अडकणंही खूप असतं, त्याला बायपॅप ठीक. ज्याला स्वतःचा श्वासच नाही त्याला आतली बॅटरी आणि नळी सुटल्याचा अलार्म असलेलंच मशीन. रेसमेडच्या अ‍ॅस्ट्रलची आतली बॅटरी कंपनी ८ तास सांगते, फिलिप्सच्या ट्रिलॉजी १०० ची आतली ३ आणि वरून लावायची ३. त्यावर इन्व्हर्टर वेगळा. आणि सेकंडहँड ट्रिलॉजी किंवा ड्रीमस्टेशन घेत असाल तर फिलिप्सने जून २०२१ मधे आतल्या फोममुळे बरीच मशीनं परत मागवली होती, त्यातलं नाही ना हे सिरियल नंबरवरून बघून घ्या. पहिले दोन-तीन महिने भाड्याने घेऊन बघणं शहाणपणाचं, पुण्या-मुंबईत मिळतं.

पेसर कुणाला

थोडक्यात सांगते कारण बहुतेकांना हा पर्याय नसतोच. फ्रेनिक नसेवरचा पेसर येल विद्यापीठातल्या डॉक्टर विल्यम ग्लेन यांनी १९६० च्या दशकात आणला, आणि दुर्बिणीतून थेट डायफ्राममधे तारा बसवायच्या पद्धतीला अमेरिकेत २००८ मधे परवानगी मिळाली. दोन्हीला अट एकच, फ्रेनिक नस जिवंत पाहिजे. इथे गंमत अशी की इजा जितकी वर, तितका पेसर चालायची शक्यता जास्त. सी-१ सी-२ ला मार लागला तर नसेची मुळं खाली शाबूत असतात. सी-४ च्या आसपास लागला तर तीच मुळं मेलेली असू शकतात, मग करंट देऊन काही हलत नाही. म्हणून आधी नसेची टेस्ट आणि स्क्रीनिंगवर म्हणजे चालू एक्स-रेवर डायफ्राम हलताना बघणं, त्याशिवाय पैसे भरू नका. बसवल्यावरही स्नायू अशक्त झालेला असतो, वेळ वाढवत न्यायला आठवडे-महिने लागतात. झोपेत घसा मिटतो म्हणून बऱ्याच जणांची नळी तशीच राहते. खर्च बाकी दोन्हींच्या कितीतरी वर.

माणसं आणि पैसे

ट्रॅकचं मशीन लाखांत, मास्कचंही तेच मशीन असल्यामुळे लाखांतच. फरक पडतो तो माणसांत. ट्रॅकला सक्शन येणारं माणूस चोवीस तास, कॅथेटर, फिल्टर, नळ्या हा दर महिन्याचा खर्च, आणि बरेच अटेंडंट नळी म्हटलं की नकोच म्हणतात. मास्कला तेवढं कौशल्याचं माणूस रोज लागत नाही पण सर्दीच्या दिवसांत तासातासाला खोकला काढून द्यावा लागतो, रात्रभर, आणि त्या दोन-तीन दिवसांत घर ढिलं पडलं तर पेशंट परत आयसीयूत आणि परत नळी. घरात एकटी वयस्कर आई असेल तर मी मास्कचा आग्रह धरत नाही. डोक्यालाही मार असेल, पेशंट सूचना पाळत नसेल, चेहऱ्याची हाडं मोडली असतील किंवा गिळताना रोज ठसका लागत असेल तरीही नाही. तरुण, समजूतदार, घसा ठीक, घरात दोन धडधाकट माणसं, आणि ही पद्धत खरोखर येणारा डॉक्टर गाठीशी, असं असेल तर नळी काढायचा प्रयत्न न करणं मला चुकीचं वाटतं. हा शेवटचा मुद्दाच कठीण आहे, सवयीने हे करणारे मोजके. दिल्लीला वसंत कुंजमधे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर, वेल्लोरला सीएमसीचा रिहॅब, मुंबईत हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था, अशा ठिकाणी रिपोर्ट घेऊन निदान एकदा मत घ्या.

पेशंटला विचारा. तो शुद्धीत असतो, त्याला सगळं कळत असतं, आणि तरी चर्चा पॅसेजमधे चालते. काही घरांत तर "कशाला असं जगवायचं" हेही त्याच्यावतीने दुसरेच ठरवतात. १९९४ मधे अमेरिकेत एक पाहणी झाली होती, इमर्जन्सीत काम करणाऱ्यांना विचारलं की मानेची मोठी इजा झाली तर तुम्हाला जिवंत असल्याचा आनंद वाटेल का, हो म्हणाले १८ टक्के, आणि खरोखर अशी इजा झालेल्यांत हो म्हणाले ९२ टक्के. पहिल्या महिन्यात कुणी मला मरू द्या म्हणाला तर ते ऐकून घ्यायचं, पण वेदना, झोप, आवाज परत मिळणं आणि नैराश्य याची सोय लावून काही महिन्यांनी पुन्हा विचारायचं. त्यानंतरही तो ठाम असेल तर आपल्याकडे कायद्यात वाट आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) मान्य केलं आणि २०२३ मधे त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इच्छापत्रातलं लिहिलेलं लागू होतं ते पेशंट स्वतः सांगू शकत नाही तेव्हा, तो बोलू शकतोय तोवर त्याचाच शब्द धरायचा.

निवड झाली की डिस्चार्जच्या आधी एक काम करून घ्या, हॉस्पिटलवाले कुरकुर करतील तरी. तिथल्याच खोलीत घरच्या माणसांनी चोवीस तास सगळं स्वतः करायचं, सक्शन, खोकला, मास्क लावणं, रात्रीचा अलार्म, स्टाफने फक्त बघायचं. त्याच दिवशी मशीनचा प्लग भिंतीतून काढून बॅटरी खरंच किती चालते ते घड्याळ लावून बघा, अंबू बॅग हाताशी ठेवून, आणि बॅटरी कंपनीच्या आकड्याच्या जवळपास पोचली नाही तर बदलून मिळेपर्यंत घरी नेऊ नका.